नमुना सही

ठाकुरद्वारच्या सहकारी बँकेत, रात्री पावणेबारा.
पंखा बंद ठेवलाय,
वाऱ्याने केळसकरांची कार्डं उडतात.
मी क्लाउडच्या कोऱ्या अर्जापुढे बसलेय.
गटाचं नाव काय, तो विचारतो.
खाली बारीक अक्षरांत: नंतर बदलता येणार नाही.
पुसलंत तरी हे नाव पुन्हा कुणाला मिळणार नाही.

'बारशाला निदान आत्या तरी असते,' केळसकर म्हणतात.
आज आत्या मीच. लिहिते: ठाकुरद्वार-एक.

ठिकाण? मुंबई.
हेही कायमचं.
मी स्वतः माझगावात
अकरा महिन्यांच्या करारावर राहते.

आधी मूळ. ते वेगळ्या गटात, एकटं.
'त्याच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची?'
त्याची त्याचीच.
केळसकर चष्मा काढतात.
'असं कसं? आमच्याकडे खातं उघडायलासुद्धा
ओळख देणारा लागायचा, जुना खातेदार.'
मग पहिल्या खातेदाराला ओळख कुणी दिली?

बराच वेळ फक्त सर्व्हरच्या खोलीतली घरघर.
मग ते तळातला ड्रॉवर ओढतात.
गोपिनाथ तेरेदेसाई, खाते क्रमांक एक, एकोणीसशे बत्तीस.
ओळख देणार: गोपिनाथ तेरेदेसाई.
शाई तपकिरी झालीय.
'इतकी वर्षं हाताळतोय,' ते म्हणतात,
'आणि आज वाचलं.'

मुळाची किल्ली मी कुलपात टाकते.
त्याने खालच्या तिघांच्या कागदावर एकदा सही करायची
आणि झोपायचं.
रोजचं काम तिघांचं, आळीपाळीने.
कुठल्याही यंत्राने येऊन सही मागावी,
गटातला कुणीतरी देईल.
कोण, ते विचारायचं नाही.

हे त्यांना पटत नाही.
एकोणचाळीस वर्षं त्यांनी 'कोण' एवढंच विचारलंय.
ळ-ची शेपटी कुणाची डावीकडे वळते,
कोण घाईत वेलांटी विसरतं,
नवरा गेल्यावर
कुणाची सही अचानक मोठी, मोकळी झाली.

तिसरा अजून उमेदवारीवर आहे, मी सांगते,
तयार आहे, पण सहीचा अधिकार नाही.
आणि मुदत?
मुळाला वीस वर्षं. फांदीला दहा.
फांदी मुळापेक्षा जास्त जगत नाही.
'कागदावर,' ते म्हणतात. त्यांचा मुलगा गेला त्याबद्दल
बँकेत कुणी बोलत नाही. मीही टाइप करत राहते.

साडेबाराला ते खिशातून एक चेक काढतात.
त्यांचाच. परत आलेला.
शेरा: सही जुळत नाही.
शिक्का त्यांच्याच टेबलावरचा,
मारलाय गेल्या महिन्यात लागलेल्या अर्पिता मोरजकरने.
'बरोबर मारला. मीही मारला असता.'
दिवाळीपासून हात कापतो.

मी उगाच माहिती देते:
एकाला बंद केलं
तरी त्याने आधी केलेल्या सह्या चालतात, मुदत संपेपर्यंत.
'आणि काढूनच टाकलं तर?'
तीस दिवस थांबतो. मन बदललं तर परत आणता येतं.
'आमची नोटीसही तीस दिवसांचीच.
मन मात्र कुणी विचारलं नाही.'

मी बटण दाबते. एक गोल फिरत राहतो.
ते कोरं कार्ड घेतात, नवा नमुना द्यायला.
एक सही करतात. बघतात.
खाली दुसरी. मग तिसरी,
मनगट डाव्या हाताने धरून.
तिन्ही वेगळ्या.
'यातली कुठली धरायची?'

तिन्ही धरा, मी म्हणते.
आणि म्हटल्यावर कळतं की हे बँकेच्या नियमात
कुठेच बसत नाही.

ते कार्ड क-च्या कप्प्यात सरकवतात,
ड्रॉवर गुडघ्याने लोटतात.
पडद्यावर हिरवी खूण येते.
ठाकुरद्वार-एक, मुंबई, चालू.
'चला,' ते म्हणतात, 'लावा आता पंखा.'