पेन्सिलीएवढं भोक

गावाचं नाव सूर. गाण्याशी त्याचा संबंध नाही.
इथे पाऊस वर्षातून दोनदा येतो, तोही चुकून,
तरी खल्फानच्या भिंतीत पाणी शिरता कामा नये
असं करारात आहे, एकदा अरबीत, एकदा इंग्रजीत.
मराठीत मीच मला बजावतो:
कुठेही पाणी मुरता कामा नये.

साचे दोनच.
एक आठ टोकांचा तारा, एक चौफुला.
खरं तर चौफुला मी काढलेलाच नाही.
चार तारे टोकाला टोक लावून ठेवले
की मधे तो आपोआप उरतो.
उरलेल्याला कडा दिल्या, क्रमांक दिला, पी-दोन.

ताऱ्याच्या कडेला जीभ, चौफुल्याच्या कडेला खाच.
जीभ बारा मिलिमीटर, खाच पंधरा.
वरचे तीन उन्हाचे.
भर दुपारी सिमेंटसुद्धा आळस देतं,
जागा ठेवली नाही तर शेजाऱ्याचं टोक उडवतं.
पहिल्या नमुन्यात मी ठेवली नव्हती.
सहा टोकं गेली. त्यांतलं एक
अजून माझ्या टेबलावर कागद दाबून बसलंय.

साचे करतो याकूब मुकादम, हर्णैचा.
त्याचा बाप होड्यांच्या फळ्यांत कापूस ठोकायचा,
वरून राळ, माशाचं तेल.
तो माझं ड्रॉइंग उलटं धरतो
(त्याच्या मते मी उलटं काढतो)
आणि म्हणतो,
"होडी पहिल्या दिवशी गळतेच, सायेब.
लाकूड पाणी पितं, फुगतं, मग तेच दार लावून घेतं."
"सिमेंट फुगत नाही, याकूबभाई."
"मग त्याला गटार द्या."

गटार!
त्या रात्री दोन वाजेपर्यंत काढत बसलो.
खाचेच्या पोटात उताराची बारीक पन्हळ,
ताऱ्याकडून चौफुल्याकडे, चौफुल्याकडून खालच्या ताऱ्याकडे,
आणि तळाच्या रांगेत, जमिनीपासून वीतभर वर,
पेन्सिलीएवढं एक भोक.
नऊशे बारा सांधे. बाहेरून नक्षी तेवढी दिसते.

मधेच निलाक्षीचा फोन.
पनवेलच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचं छत पुन्हा पाझरतंय.
वरचे गोगटे म्हणतात, आमच्याकडून नाही.
प्लंबर म्हणतो, पाइप नवा आहे.
"तू हेच काम करतोस ना तिकडे?"
मी म्हटलं, फोटो पाठव.
फोटोत बादली आली, तिची चप्पल आली,
छत आलंच नाही.

चाचणीला खल्फान स्वतः हजर.
पांढरा झगा घोट्याच्या वर धरून
तासभर नळीची धार बघत उभा राहिला.
मागच्या बाजूला याकूबने सांध्यासांध्यावर
टिश्यू पेपर चिकटवले होते.
सगळे कोरडे. चौथ्या रांगेतला एक ओला.
माझ्या पोटात खड्डा.
याकूबने तो उचलला, जिभेला लावला
आणि दाढीतल्या दाढीत हसला.
टँकरचं पाणी गोडं होतं. हा खारट.
चिकटवताना त्याचाच घाम पडला होता कपाळावरून.

भिंत उभी राहून तीन आठवडे झाले.
आज पहाटे खाडीवरून दमट हवा आली,
लाकडी गलबतांच्या डोलकाठ्याही ठिबकत होत्या.
पाऊस नाही, नळी नाही,
आणि तळाच्या त्या भोकातून
एक थेंब आला. थोड्या वेळाने दुसरा.
म्हणजे आत शिरलं होतं.
म्हणजे बाहेरही आलं.
मी तिथे उकिडवा बसून मोजत राहिलो,
एकवीसपर्यंत मोजले, मग ऊन आलं.

निलाक्षीला फोन लावला, मोठ्या उत्साहात.
म्हटलं, येतं कुठून ते शोधू नकोस,
त्याला जायला जागा कुठे आहे ते बघ.

पलीकडून आधी टप असा आवाज आला.
मग ती म्हणाली,
"आहे ना. बादलीत."