धक्क्याचं नाव

तीन वाजून गेले. पांडाजच्या खाली
तीच लाल नागमोडी रेघ.
एडिटर म्हणतो, असं मॉड्युलच नाही.
टर्मिनलला विचारलं,
तर तो बसल्या जागेवरून:
आहे की. आधीच आहे. पुन्हा कशाला घालतेस?

दोघंही खोटं बोलत नव्हते.

मागे सगुणमामा दिवाडीहून येणार होता,
उकड्या तांदळाची पिशवी घेऊन.
"धक्क्यावर उभी आहे," मी फोनवर.
"मी पण धक्क्यावरच गो," तो.
पाऊण तास असेच उभे,
तो रायबंदरला, मी जुन्या गोव्यात,
तीच मांडवी दोघांच्या पायाशी.
भेटल्यावर रागावला नाही. एवढंच म्हणाला,
"धक्क्याचं नाव सांगायचं असतं, बाय."

आत्ता कुठे खाली कोपऱ्यात बघितलं.
मुंगीएवढा आकडा: ३.९.
आणि मी पांडाज उतरवलेलं
३.११च्या धक्क्यावर,
गेल्या मंगळवारी, वीज जायच्या आधी.

आकडा बदलला.
रेघ जरा थांबली, मग गेली.

म्हापशाच्या बाजारातले
बांगड्याचे सहा महिन्यांचे भाव
स्क्रीनवर सरसर उतरू लागले.
मार्चमधला एक रकाना रिकामाच.
त्या दिवशी बाजार बंद होता, की
मीच लिहायला विसरले?