बारावी जागा

अकरा नावं शाईने लिहून झाली होती.
बारावी ओळ मोकळी.
यादी दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत जळगावला पोचायला हवी होती
आणि चोपडा आगाराची कुठलीच गाडी
माझ्या सोयीने सुटत नाही.

एकीकडे शार्दूल बेंद्रे, नाशिक.
दोन वर्षं खेळलेला, सामन्याला वीस-बावीस गुण,
फोनमध्ये स्वतःचे व्हिडिओ, तेही संगीत लावून.
त्याला हवं होतं वसतिगृह, मेसचं ताट,
फी माफ, आणि दहा नंबरची जर्सी.
प्राचार्य झांबरे म्हणाले,
"बऱ्हाटे सर, टिश्यूची रोपं आणा, वर्षात घड हातात.
कंद लावून वाट पाहायचे दिवस गेले."
त्यांची बाग आहे अडावदला.
त्यांना उपमा शोधावी लागत नाही.

दुसरीकडे जामसिंग पावरा, बी.ए. पहिलं वर्ष,
सहा फूट पाच इंच.
मला तो दिसला आगारात.
टपावरच्या माणसाला खालूनच पोतं देत होता,
शिडी न चढता, टाचाही न उचलता.
मैदानावर आणून चेंडू दिला,
तर दोन्ही हातांनी छातीशी धरला,
कुणी घटकाभर सांभाळायला दिलेलं लेकरू असावं तसा.
"टाक," म्हटलं.
"कोणाकडं?" म्हणाला.

मला धनेश बडगुजर आठवला.
तीन उन्हाळे.
सिमेंटचं मैदान सकाळी सातलाच चटके द्यायचं,
म्हणून आम्ही अंधारात सुरू करायचो.
त्याचा उजवा हात पंच्याने कमरेला बांधायचो
डाव्याला अक्कल यावी म्हणून.
ती आली, आणि पाठोपाठ पुण्याहून फोन आला.
पायाला हात लावून गेला पोरगा.
त्याचं काही चुकलं असं मी कधी म्हटलं नाही.
पंचा बरेच दिवस कपाटात होता,
मग बायकोने फरशी पुसायला घेतला.

त्या रात्री शार्दूलचे कागद चाळले.
दाखल्यामागे एक शिफारस, हाताने लिहिलेली:
मुलगा गुणी आहे. डाव्या हाताने कच्चा होता. आता नाही.
खाली सही. कुणी एक सर, निवृत्तीला टेकलेले,
अक्षर कापरं.
'आता नाही' या दोन शब्दांत किती पहाटा गेल्या
ते मला वाचता आलं.
तयार खेळाडू म्हणतात तो हाच,
दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून काढलेला.

मी जामसिंगचं नाव लिहिलं.
तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात.
थोडा रागच असावा,
कुणावर, ते अजून नक्की सांगता येत नाही.

अमळनेरला पहिल्याच फेरीत हरलो, एकवीस गुणांनी.
जामसिंग सात मिनिटं खेळला. पाच फाऊल.
एक बास्केट, तीही आपल्याच रिंगमध्ये.
सगळं मैदान हसलं, मग तोही हसला,
त्याला वाटलं गुण मिळाले.
प्राचार्य दोन आठवडे
माझ्याशी फक्त नोटिशीतून बोलले.

परतताना, गाडी तापीच्या पुलावर असताना,
तो मागच्या सीटवरून उठून आला,
दांडीवर डोकं आपटलं, चोळलं नाही.
"सर, चेंडू रिंगला लागून कुठं पडणार
हे त्या पोरांना आधीच कसं कळतं?"

खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या.
मी सरकून जागा केली.
रिंग म्हणून माझी टोपी धरली,
चेंडू म्हणून डब्यातलं लिंबू.
पूल कधी संपला कळलं नाही.
लिंबू चारदा सीटखाली गेलं
आणि चारही वेळा
त्याचा हात माझ्याआधी तिथे होता.

तिसऱ्या वर्षी त्याचाही फोन वाजेल.
वाजू दे.
तेव्हा शिफारस मलाच लिहायची आहे,
आणि हजेरीपटावर सही करताना
पेन हल्ली जरा थरथरतं.