आहेत, होते

पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटं.
कोणीतरी सिनेटर एडिसन बेरास्तेगींना मारून टाकलंय,
फक्त एका शब्दात: जिथं ‘आहेत’ होतं
तिथं ‘होते’.
तारीख नाही, बातमी नाही, खाली संदर्भाचा आकडा नाही.
मी चष्मा पुसते. पूर्ववत करते.
माणूस परत जिवंत.

पायसांदूत जुलैची थंडी हाडांत मुक्कामाला येते.
नदीवरचं धुकं दाराच्या फटीतून आत,
गॅसची शेगडी फुरफुरते,
हातात येर्बाच्या कडू पाण्याचा तुंबा.
एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते.
साक्षीदार बोलला ते लिहायचं. नाही बोलला ते नाही.
रडला, तर कंसात ‘रडतो’.
पदरचं एक अक्षर घालायचं नाही.
निवृत्त झाले आणि ही सवय घेऊन
या विश्वकोशात शिरले,
जिथं कुणीही लिहितं
आणि कुणीही कुणाचंही खोडतं.

बेरास्तेगींच्या पानावर माझा पहारा असतो.
दर निवडणुकीला त्यांचा पुतण्या येतो
(नाव नवं, पण स्वल्पविराम तेच, चुकीच्या जागी)
आणि ‘दूरदृष्टीचे’ हा शब्द ठेवून जातो,
दारात कोणी मांजराचं पिल्लू सोडून जावं तसा.
मी उचलते, बाहेर ठेवते.
मग दुसरा कोणी येतो, ‘चोर’ लिहितो.
मी लिहिते: आरोप झाला, अमुक साली.
मी लिहिते: पुराव्याअभावी खटला बंद.
‘पुराव्याअभावी’ काढायला पुतण्या,
‘बंद’ काढायला दुसरा.
एकानं मला विकाऊ म्हटलं, एकानं विषारी म्हातारी.
संदर्भ दोघांकडेही नाही.

पण हे पान मी हाती घेतलं ते द्वेषानं.
सरकारी लोकर गिरणी बंद झाली
तेव्हा माझ्या भावाची, ओमारची, तीन बोटं आधीच तिथं गेली होती.
उरलेली सात घेऊन तो घरी बसला.
बेरास्तेगीनं हात वर केला, तो म्हणायचा,
त्या हातानं आपल्या तोंडचा घास काढला.
मरेपर्यंत म्हणायचा, रोज जेवणाआधी.
मलाही तेच लिहायचं होतं.
एकच वाक्य, आकड्यासकट.

म्हणून रात्रीच्या बसनं मोंतेविदेओला गेले,
संसदेच्या ग्रंथालयात कामकाजाचे खंड मागितले.
पानांना ओलीचा वास.
ठरावाच्या बाजूची नावं. विरोधातली नावं.
आणि बारीक टायपातल्या तिसऱ्या यादीत
‘बेरास्तेगी, ए., गैरहजर, पूर्वसूचनेसह.’

तीनदा वाचली ती ओळ.
खिडकीबाहेर एकजण शिडीवर चढून दिवा बदलत होता.
हात वर नव्हता. खालीही नव्हता.
हातच नव्हता तिथं.
तीस वर्षांचा राग उभा,
आणि त्याला टेकायला भिंत नाही.
परतीच्या बसमध्ये, ओमारला हे कसं सांगावं
याची मनातल्या मनात तयारी करत राहिले,
तो जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या रात्री लिहिलं:
‘मतदानाच्या वेळी ते सभागृहात नव्हते.’
खंड, पृष्ठ, स्तंभ.
पुतण्यानं ते काढलं. दुसऱ्यानंही काढलं.
त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढ्याच वाक्यावर.
मी रोज परत घालते.

ओमारवर पान नाही.
नियमात बसत नाही तो.

सहा चाळीसला बातमी आली.
इस्पितळाचं नाव, डॉक्टरचं निवेदन, दोन वृत्तपत्रं.
आता मी ‘आहेत’ खोडते.
राहतात, राहत होते. मानतात, मानत असत.
क्रियापदं एकेक करून मागच्या बाकावर जाऊन बसतात.
वयाच्या रकान्याशी अडते:
बाप्तिस्म्याच्या वहीत एकोणचाळीस,
निवडणुकीच्या अर्जात एकेचाळीस.
दोन्ही ठेवते.

शेगडीवर पाणी ठेवून वळते, तर
पडद्यावर, पहिल्याच ओळीत,
‘दूरदृष्टीचे’ परत आलंय.
या वेळी स्वल्पविरामही नाही.
राहू दे जरा.
पाण्याला आधण येईपर्यंत.