बटाट्यांच्या पोत्यामागे

तक्रारीच्या कागदावर एवढंच होतं :
नेट येतं, पण स्वयंपाकघरात शिरत नाही.
दुपारच्या फेरीबोटीनं लेमुय बेटावर उतरलो,
शिडी खांद्यावर घेऊन टेकडी चढलो.

राउटर कुठाय, विचारलं,
तर दोन्या एदुविना चिगुआयनी कोठीचं दार उघडलं.
जांभळ्या बटाट्यांच्या तीन पोत्यांमागे
क्रोशाच्या झालरीखाली
बिचारं डबडं लुकलुकत होतं.
"थंडी वाजू नये म्हणून," त्या म्हणाल्या,
"आणि रात्री बंद करते. त्यालाही झोप नको?"

हात लावला तर ताप आल्यासारखं गरम.
झालर काढून मी घडी घातली.
"याला थंडी नाही वाजत, दोन्या. याचा जीव गुदमरतो.
रात्री बंद केलंत तरी चालेल,
पण उठल्यावर दोन मिनिटं द्या, डोळे चोळायला."

चुलीपाशी बसवलं त्यांनी मला.
कंपनीनं शिकवलेलं वाक्य मी सुरू केलं :
दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झच्या बँडवर...
त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक मिल्काओ टाकला,
बटाट्याचा, चरबीत तळलेला.
म्हणजे गप्प बस.

पुन्हा सुरुवात केली.
खांबावरून आलेली ती काळी तार, तो बाहेरचा रस्ता.
हे डबडं उंबऱ्यावर उभा माणूस.
आलेलं टपाल कुणाचं ते बघतो, हाक मारतो.
ती हाक म्हणजे वाय-फाय.
लाकडाच्या भिंतीतून जाते, पत्र्याला अडते,
बटाट्यांत तर पाणीच पाणी, तिथे मुरून बसते,
आणि तुमची ही ओतीव लोखंडाची चूल
हाक गिळूनच टाकते.
"ही सगळंच गिळते," त्या म्हणाल्या.
"लाकडं, माझी कंबर,
आता पुंता अरेनासच्या धाकट्या बहिणीचा चेहरा."

मग एकदम :
"पण परवा सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या,
तरी ती दिसेना. ते कसं?"

वादळात फेरीबोट बंद होते,
तेव्हा तुमची चूल पेटतेच ना?
कोठीतून इथवर चालत येताच ना तुम्ही?
वाय-फाय म्हणजे घरातलं चालणं.
इंटरनेट म्हणजे फेरीबोट.

त्या बराच वेळ चुलीत बघत राहिल्या.
"म्हणजे मी उगाच डबड्याला शिव्या दिल्या."

आता पत्त्याचं सांगायचं होतं. इथे सगळेच अडकतात.
डबडं तुमच्या फोनला एक आकडा देतं,
आज चार, उद्या कदाचित सात...
"त्यात काय," त्या म्हणाल्या.
"हे घर आधी खाली किनाऱ्यावर होतं.
बाप बुडाला त्या वर्षी सोळा बैलांनी, अख्ख्या गावानं
ओंडक्यांवरून ओढत वर आणलं.
मी खिडकीत बसलेले, मांडीवर कोंबडी.
दुसऱ्या दिवशी टपालवाला खाली गेला,
रिकामी जागा बघितली,
आणि खुरांच्या खुणा धरून वर आला."

अकरा वर्षं मी घरोघरी तारा ओढतोय.
हे असं मला कधी सांगता आलं नाही.

डबडं जिन्याच्या माथ्यावर, कपाटावर ठेवलं, मोकळं.
नेटवर्कला नाव काय देऊ?
"वरचं घर."
आणि पासवर्ड? हे कुलूप आहे, दोन्या,
कुणाला ओळखता येईल असं नको.
"कोंबडीचं नाव घालते. ती त्याच हिवाळ्यात गेली.
माहीत असलेलं आता कुणी उरलं नाही."
मागे दोन-चार आकडे जोडा, म्हणालो,
आणि त्या टाइप करेपर्यंत
भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.
एका बोटानं, खूप वेळ.

शेवटची बोट गाठायची होती.
निघालो तेव्हा चुलीपाशी दोन बायका हसत होत्या,
एकीचा आवाज जरा मागून येत होता.
खालच्या वळणापर्यंत माझ्या फोनवर
वरचं घर दिसत होतं,
शेजारी इवलंसं कुलूप.
मग टेकडी आड आली.