इतर

मकरपुऱ्याच्या बेअरिंगच्या कारखान्यात
मी चिकटले तेव्हा हुद्दा होता टाइम ऑफिस क्लार्क.
पंचिंगची कार्डं, गेटाशी स्टूल,
लेट मार्कसाठी लाल शाईचं पेन.

पुढे पाटी बदलली, पर्सोनेल.
मग एच.आर. मग बंगळुरूहून कुणी साहेब आले
आणि आम्ही पीपल पार्टनर झालो,
खुर्चीला चाकं आली.
कामगारांनी मात्र एकच नाव ठेवलं शेवटपर्यंत:
हाजरीवाळां बेन.

माणसं घेतली, माणसं कमी केली.
कमी करतो त्या दिवशी कँटीनमध्ये श्रीखंड असायचं.
श्रीखंडाची कल्पना माझी.

गेल्या मार्चात रमणभाई परमार आले.
रिटायर होऊन दोन वर्षं, पी.एफ. अडकलेला.
आधारवर रमणभाई छगनभाई,
रजिस्टरात रमण छगन.
पान काढलं. अठ्ठ्याण्णव साल. अक्षर माझं.

मिरजेहून लग्न होऊन आले त्याला तेव्हा तीन महिने झालेले,
मला वाटलं, भाई म्हणजे आपलं राव असतं तसं,
हाक मारायची रीत. रकानाही अरुंद.
गाळून टाकलं.
त्या एका पानावर अठ्ठावीस भाई, नऊ बेन.

"तेव्हाच बोलला का नाहीत?"
"बेन, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असेल ना."

राजीनामा दिला तेव्हा एक्झिट इंटरव्ह्यूला
मीच नेमलेली हेतल समोर बसली.
फॉर्मही मीच केलेला, सोडण्याचं कारण,
एकावर खूण करा:
पगार. प्रवास. घरगुती. उच्च शिक्षण. इतर.
मी इतरवर केली.
त्यापुढे लिहायला जागा ठेवलीच नव्हती मी.
हेतलने पेन झाकलं, म्हणाली, मॅडम, चहा?

आता रावपुऱ्यात झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
एक टेबल, दोन खुर्च्या, चाकं नाहीत.
नावं दुरुस्त करायचे अर्ज भरून देते.
बाहेरच्यांचे पन्नास रुपये घेते,
त्या पानावरच्यांचे नाही.
नवरा विचारतो, याला काय करिअर म्हणायचं?
माहीत नाही.
आज अकरावा भाई जागेवर बसला.
चौघांचा पत्ताच लागत नाही.
एक वारले, त्यांची सून येते,
अंगठा कुठे उठवू, विचारते.
थांब म्हणते. आधी नाव सांग.
तुझं. पूर्ण.
सावकाश लिहिते,
आणि वही तिच्याकडे फिरवते.