पात्यापुरतं तोंड

आधी उजवा कान गेला.
मग डावा, मग पुन्हा उजवा.
पेराएवढे सागाचे तुकडे,
कापले की पात्याशेजारच्या फटीतून खाली,
मशीनच्या पोटात, भुशात.
तान्ह्या पोळ्याला चार दिवस राहिले
आणि केतकीचा बैल अजून बुच्चा.

"मशीन खाते का, आबाजी?"
खाते.
कंपनीच्या पत्र्याच्या झाकणाला
मधोमध करंगळी जाईल एवढी चीर,
पातं कलतं करता यावं म्हणून.
मी पातं कधीच कलतं केलं नाही,
ती फट मात्र तीन वर्षं सांभाळली.

या झाकणाला आपल्याकडे नाव नाही.
हिंगणघाटचा दुकानदार नुसतं प्लेट म्हणाला.
डोमाजी मिस्त्री म्हणाला,
"पडजीभ म्हण ना बाप्पा,
गळ्यात थेच तं रायते."
तर पडजीभ.

सबस्टेशनच्या भंगारातला एक तक्ता होता,
काळ्या बॅकेलाइटचा, दोन किटकॅटची भोकं पडलेला.
भोकं चुकवून जुनं झाकण ठेवलं,
पांढऱ्या पेन्सिलीनं कडा आखली.
कापताना तोच वास,
जळलेल्या फ्यूजचा, मे महिन्यातल्या दुपारचा,
एकतीस वर्षांच्या नोकरीचा.

मग कानस.
बसवून पाहायचं, काढायचं, कानस.
कोपऱ्यात घट्ट, बाजूला ढिली.
डोमाजी बाजेवर बसून खर्रा घोटतोय:
"थोडं थोडं काढ. काढलेलं मंग लागत नाई."
पहिली जास्तच घासली गेली, फेकली.
तक्त्यातून दुसरी निघाली,
भोकाच्या अगदी काठानं.
खालून चार बारीक स्क्रू,
पाव आटा इकडे, अर्धा तिकडे,
आणि टेबलावरून झाकणावर नख ओढायचं.
नख अडलं तर लाकूड अडणार.
चौथ्या वेळी नखाला
काही कळलंच नाही.

आता ती सपाट, काळी, बिनातोंडाची.
पातं तिच्याखाली दडलेलं.
वरून सागाची आडवी पट्टी, दोन क्लॅम्प.
मी बाजूला, पात्याच्या रेषेत नाही.
बटण.
आणि हँडल, अगदी सावकाश.

जन्मभर मी अंतर मोजलं.
तारेपासून तार, तारेपासून बाभूळ,
तारेपासून माणूस.
नव्या पोरांना सांगत आलो,
हातभर सोडा, अजून हातभर सोडा.
शेषराव एकदा वीतभर चुकला.
खांबाखाली त्याच्या चपला होत्या,
नीट जोडीनं काढलेल्या.
मोकळी जागा दिसली नाही की अजून
माझा हात आपोआप मागे येतो.

आणि इथं मी अंतरच बुजवत होतो.
आधी खालून खरखर,
मग काळ्यावर एक राखाडी रेघ,
मग दात,
आपल्याच जाडीचं दार पाडत वर आले.
थांबल्यावर पाहिलं,
बाजूनं एसटीचं तिकीटही शिरेना.

चिपटी ठेवली, ढकलकाठीनं पुढे नेली.
कान सुटा झाला
आणि तिथंच राहिला, टेबलावर,
जरा थरथरत.
पातं पुरतं थांबल्यावर केतकीनं तो उचलला,
खालच्या कडेवरून बोट फिरवलं.
एक कुसळ नाही.
"आन दुसरा?"

दुसऱ्याला हात घातला तर लाईन गेली.
डोमाजी हसला, तोंडातला खर्रा सांभाळत.
फाटकाशी लगेच धनराज:
"लाईन केव्हा येईन जी, आबाजी?"
मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
तरी सवयीनं खांबाकडे पाहिलं.

केतकीनं बैलाच्या डोक्याला
एकुलता कान लावून धरला,
त्याच्या अगदी जवळ तोंड नेलं
आणि हळूच विचारलं,
"आयकू येते का रे?"